सूर चुकला तरी चालेल, पण गाणे तुमचेच हवे

मुलाला घास भरवताना मोबाइलवर बालगीत लावून देणे आता घरोघरी रूढ झाले आहे. पण मांडीवर झुलवत, टाळ्या वाजवत, चुकतमाकत म्हटलेल्या गाण्यातून मूल जे शिकते, ते पडद्यावरच्या गाण्यातून का शिकत नाही?

दुपारच्या जेवणाची वेळ. दीड वर्षाची मुलगी उंच खुर्चीत बसली आहे. समोर पाण्याच्या ग्लासाला टेकवून मोबाइल ठेवलेला. पडद्यावर रंगीबेरंगी बदके नाचत आहेत, गाणे चालू आहे आणि आई एकेक घास तिच्या तोंडात घालते आहे. मुलगी घास गिळते, पण आईकडे पाहत नाही. गाणे संपले की रडते, दुसरे लागले की गप्प होते. हे चित्र पुण्यात दिसते, तसेच इंदूरला, बडोद्याला आणि बंगळुरूलाही दिसते. ‘‘निदान त्यानिमित्ताने गाणी तरी शिकते,’’ असे आईचे म्हणणे. ‘‘आमच्या वेळी आम्हीच गाणी म्हणायचो,’’ असे आजीचे.

गाणी आणि खेळ यांतून लहान मूल शिकते, याविषयी दोघींचे दुमत नाही. प्रश्न एवढाच, की ते नेमके काय शिकते आणि कोणाकडून शिकते? गेल्या काही दशकांत निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी तान्ह्या बाळांवर जे प्रयोग केले, ते पाहिले तर आजीचे पारडे जड होते.

समेचा अंदाज जन्मतःच

बाळ जन्माला येते तेव्हा ऐकण्याच्या बाबतीत तरी ती कोरी पाटी नसते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याला आईचा आवाज ऐकू येत असतो. १९८६ मध्ये अँथनी डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स या अमेरिकी संशोधकांनी काही गर्भवती स्त्रियांना शेवटचे सहा आठवडे मुलांची एक ठराविक गोष्ट रोज मोठ्याने वाचायला सांगितली. जन्मानंतर बाळांना ती गोष्ट आणि एक नवी गोष्ट ऐकवली गेली. बाळे चोखणी कशी चोखतात यावरून त्यांची पसंती मोजली, तेव्हा ओळखीच्या गोष्टीकडे त्यांचा ओढा दिसून आला. शब्दांचा अर्थ कळण्याचा प्रश्नच नव्हता. ओळखीची झाली होती ती बोलण्याची चाल.

आपल्याकडे अभिमन्यूची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण म्हणून पोटाला हेडफोन लावून बसण्याचे काही कारण नाही. आईने नेहमीसारखे बोलावे, गुणगुणावे, एवढे पुरेसे आहे.

२००९ मध्ये हंगेरीतील इश्तवान विंकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या दोन-तीन दिवसांच्या, झोपलेल्या बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला. मधूनच ठेक्यातील मुख्य ठोका गाळला, की बाळाच्या मेंदूतील विद्युतलहरींमध्ये ‘काहीतरी चुकले’ अशी नोंद उमटे. तबल्याच्या भाषेत सांगायचे तर, सम हुकल्याचे बाळाला कळत होते!

आणखी एक गमतीची गोष्ट. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रीहब यांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की उत्तर अमेरिकेतील सहा महिन्यांच्या बाळांना बाल्कन देशांतील लोकसंगीताचे विषम तालही सहज उमगतात. तेथील एक ताल आपल्या रूपकासारखाच, तीन-दोन-दोन अशा सात भागांचा असतो. त्याच देशातील मोठ्या माणसांना मात्र त्यातला बदल ओळखता येत नव्हता. वर्षाच्या बाळांचे कानही घरच्या तालांना सरावून तसेच झाले होते. पण या बाळांना घरी दोन आठवडे ते परके संगीत ऐकवले, तेव्हा त्यांची ओळख पुन्हा परतली. बाळाचा कान सगळ्या दिशांनी उघडा असतो आणि घरात जे कानावर पडते त्याप्रमाणे तो घडत जातो, असा याचा अर्थ.

पाहून नव्हे, झुलून

बाळाला मांडीवर घेऊन झुलवणे, गुडघ्यावर घोडा-घोडा करणे हे खेळ आपल्याकडे कोणी शिकवावे लागत नाहीत. रडणाऱ्या बाळाला गप्प करण्याचा तो उपाय, असेच आपण समजतो. कॅनडातील जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी मात्र या झुलवण्याकडे बारकाईने पाहिले.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सात महिन्यांच्या बाळांना एकच सपाट ठेका ऐकवला. काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला झुलवले, काहींना दर तिसऱ्या ठोक्याला. ठेका तोच, झुलवणे फक्त वेगळे. नंतर दोन्ही प्रकारे जोर दिलेले ठेके ऐकवले, तेव्हा प्रत्येक बाळाने आपण ज्या तालावर झुललो होतो तोच जास्त वेळ ऐकला. त्यांनी ताल कानांनी ऐकला होताच, शिवाय अंगानेही ऐकला होता. ज्या बाळांना झुलवले नाही, फक्त दुसऱ्या कोणाला झुलताना दाखवले, त्यांच्यात मात्र हा परिणाम दिसला नाही.

पडद्यावरच्या नाचणाऱ्या बदकांचे नेमके हेच होते. मूल नाच पाहते, पण नाचत नाही. त्याला झुलवणारे, त्याचे हात धरून टाळी वाजवणारे कोणी तेथे नसते.

शिकण्यासाठी समोर माणूस लागते

अमेरिकेतील सिएटल येथील प्रा. पॅट्रिशिया कूल यांच्या संशोधनाने ही गोष्ट अधिक स्पष्ट केली. त्यांचा २००३ मधील प्रयोग गाण्याचा नव्हता, भाषेचा होता. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी भाषिक व्यक्ती बारा बैठकांत गप्पा मारत, खेळत, पुस्तके दाखवत. एवढ्यावर ती बाळे चिनी भाषेतील वेगळे उच्चार ओळखू लागली. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तेच बोलणे टीव्हीच्या पडद्यावर दाखवले. त्या बाळांनी पडदा तर पाहिला, पण शिकली काहीच नाहीत!

२०१६ मध्ये कूल आणि क्रिस्टीना झाओ यांनी संगीताचा प्रयोग केला. एकूण ३९ बाळे, वय नऊ महिने. काही बाळे पंधरा-पंधरा मिनिटांच्या बारा बैठकांमध्ये आईवडिलांसोबत तीन मात्रांच्या संगीतावर ठेका धरत, झुलत खेळली. उरलेल्या बाळांनी तितकाच वेळ गाड्या, ठोकळे असे खेळ खेळले, पण संगीताशिवाय. नंतर तपासले, तेव्हा संगीताशी खेळलेल्या बाळांचा मेंदू तालातील चूक अधिक नेमकी टिपत होता. एवढेच नव्हे, बोलण्यातील लयीत झालेला फरकही तो अधिक चांगला ओळखत होता. बोलणे हीदेखील एक लयच असते. कोठे शब्द संपला, कोठे दुसरा सुरू झाला, हे मूल अर्थ कळण्याच्या आधी लयीवरून जोखत असते.

मग मोबाइलवरचे गाणे अगदीच निरुपयोगी का? तसे नाही. २०१६ मध्ये माँट्रियल येथील संशोधकांनी सात ते दहा महिन्यांच्या बाळांना अनोळखी भाषेतील ध्वनिमुद्रणे ऐकवली. गाणे ऐकताना बाळे सरासरी नऊ मिनिटे शांत राहिली, नुसते बोलणे ऐकताना जेमतेम चार. ध्वनिमुद्रित गाणे बाळाला शांत करू शकते. पण शांत बसणे आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घास भरवण्याच्या घाईत नेमकी यांचीच गल्लत होते.

पडद्यावरचे गाणे थांबत नाही. मुलाने चमचा खाली टाकला, ते हसले, त्याने मध्येच ‘बा’ म्हटले, तरी गाणे आपल्या वेगाने पुढे जाते. आई मात्र थांबते. ‘बा’ला ‘बा’ने उत्तर देते, पुन्हा सुरू करते. आपण काही केले की समोरून काही येते, हे मुलाला त्या थांबण्यातून कळते. संभाषणाचा पहिला धडा हाच.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली.

बुद्धी वाढवण्याचा गैरसमज

संगीत ऐकवले की मूल हुशार होते, अशा जाहिराती करून सीडी विकल्या गेल्या, आता अ‍ॅप विकली जातात. या समजुतीचे मूळ १९९३ मधील एका छोट्या प्रयोगात आहे. ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टची रचना ऐकवली, तेव्हा आकृत्यांच्या एका चाचणीत त्यांनी थोडे अधिक गुण मिळवले. तो परिणामही पंधरा मिनिटांच्या आतच ओसरला. त्यात एकही लहान मूल नव्हते. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत भेट देण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलरची तरतूद सुचवली! पुढे अनेक ठिकाणी केलेल्या तपासण्यांत असा खास परिणाम टिकला नाही. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये चार वर्षांच्या मुलांसाठी संगीताचे वर्ग घेतले. त्या मुलांची बुद्धी इतर मुलांपेक्षा वाढल्याचे त्यांनाही आढळले नाही.

म्हणून ‘बुद्धी वाढेल’ या आशेने दोन वर्षांच्या मुलाला महागड्या क्लासला घालू नका. संगीत-खेळाचे फायदे वेगळेच आहेत आणि ते फुकट मिळतात. लॉरा सिरेली आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील प्रयोगात चौदा महिन्यांच्या बाळांना कोणीतरी कडेवर घेऊन तालावर झुलवत असे आणि समोर एक अनोळखी बाई त्याच तालावर झुलत असे. नंतर त्या बाईच्या हातून वस्तू पडल्या, तर बाळे त्या उचलून द्यायला अधिक तत्परतेने पुढे येत. ज्यांच्यासमोर ती बेताल झुलली होती, ती बाळे तितकी उत्सुक नव्हती. एका तालात हलणे म्हणजे ‘हा आपला माणूस’ अशी बाळाची खूणगाठ असते.

कोसबाडची कुरणशाळा आणि हस्ताचा भोंडला

मुलाने गात-खेळत शिकावे ही कल्पना आपल्याकडे परदेशी प्रयोगशाळांमधून आलेली नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. गोष्टी, गाणी, नाट्य यांना त्यांनी शिक्षणात मानाचे स्थान दिले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी हे काम नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी; गुरे राखायला जातात, तर कुरणात भरवावी, अशी त्यांची रीत. महागडी साधने नाहीत, तर बिया, खडे, शिंपले, पाने, म्हणजे मुलांच्या ओळखीच्याच वस्तू. त्यांच्या ‘अंगणवाडी’ या शब्दाला १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे देशभर घर मिळाले.

हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांचेही म्हणणे असेच होते, की मुलाचे संगीतशिक्षण त्याच्या मातृभाषेतील लोकगीतांपासून आणि खेळगाण्यांपासून सुरू व्हावे. आपला भोंडला आठवून पाहा. पाटावर हत्तीचे चित्र, भोवती फेर धरलेल्या मुली. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, अशी रोज एकाची भर. बरीचशी गाणी साखळीसारखी वाढत जाणारी. क्रम लक्षात ठेवणे, इतरांच्या पावलाला पाऊल जुळवणे, शेवटी प्रश्न विचारून खिरापत ओळखणे, यांत स्मरणशक्ती, शरीराचा तोल आणि तर्क सगळेच आले. ते शिक्षण आहे असे कोणी म्हणत नसे, इतकेच.

कोणत्या वयात काय खेळावे?

जन्म ते सहा महिने : तेल लावताना, अंघोळ घालताना संथ लयीत गुणगुणा. एकच गाणे रोज त्याच वेळी म्हटले, तर आता झोपायचे, आता अंघोळ, असा दिवसाचा क्रम बाळाला कळू लागतो. बाळाने आवाज काढला की थांबा, तोच आवाज त्याला परत करा आणि पुन्हा वाट पाहा.

सहा महिने ते दीड वर्ष : मांडीवर झुलवणे, ओढणीआडून ‘भोक’ करणे, तळहातावर बोट फिरवत शेवटी काखेत गुदगुली करणे. गुदगुलीच्या आधी क्षणभर थांबा. ‘आता काय होणार’ हे बाळ आधीच ओळखून हसू लागते. पुढचा अंदाज बांधणे ही विचार करण्याची सुरुवात आहे.

दीड ते तीन वर्षे : रोजच्या गाण्यातला ओळीचा शेवटचा शब्द म्हणू नका, मुलासाठी सोडा. आधी ते नुसते पाहील, मग तोंड हलवील, मग एक दिवस शब्द म्हणेल. गाण्यात नाक, कान, पोट आले की हात लावा. उलटी वाटी आणि लाकडी चमचा द्या. आपण हळू वाजवायचे, मग जोरात, मग भराभर, मग सावकाश. ‘हळू’ आणि ‘जोरात’ हे शब्द हातातूनच कळतात.

तीन ते सहा वर्षे : गाणे थांबले की पुतळा व्हायचे, हा खेळ घ्या. नाचावेसे वाटत असतानाही थांबणे म्हणजे स्वतःला आवरण्याचा सराव. पाटी, वाटी, दाटी अशी यमके जुळवा; निरर्थक शब्द झाला तरी हसून सोडा. ऑक्सफर्डचे पीटर ब्रायंट आणि लिनेट ब्रॅडली यांनी १९८३ मध्ये दाखवले, की चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांना शब्दांतील सारखे ध्वनी ओळखता येतात, ती पुढे इंग्रजी वाचायला लवकर शिकतात. नावातील प्रत्येक अक्षराला एक टाळी, जिन्याच्या प्रत्येक पायरीला एक आकडा, हाही असाच खेळ. एक आकडा म्हणजे एक वस्तू, हे गणिताचे पहिले पाऊल त्यात आहे.

खेळणी घरचीच पुरतात, मात्र काळजी घ्या. राजमा किंवा तांदूळ भरलेला डबा वाजवायला देताना त्याचे झाकण चिकटपट्टीने पक्के बंद करा. सुटे घुंगरू, मणी तोंडात जाऊन घशात अडकू शकतात. कर्कश वाजणारी खेळणी कानाजवळ नेऊ देऊ नका.

‘माझा आवाजच चांगला नाही!’

हे वाक्य अनेक आया म्हणतात, आणि वडील तर हमखास. पण बाळ परीक्षक नसते. त्याला आवाज ओळखीचा हवा, चेहरा समोर हवा. गाणे येत नसेल, तर करा. बूट घालताना ‘मोजा गेला पायात, बूट उभा दारात’ असे काहीही म्हणा. उद्याही तेच म्हणा, म्हणजे ते गाणे झाले.

नोकरी करणाऱ्या आईला वेळ कोठून मिळणार, हा प्रश्न रास्तच आहे. पण यासाठी वेगळा तास काढायला नको. अंघोळ, कपडे, जेवण, खेळणी आवरणे, रिक्षातला प्रवास, ही कामे होतच असतात. गाणे त्यांच्यात घालायचे. यातली दोन कामे वडिलांनी उचलली, तर मुलाला दुसरा आवाज मिळेल आणि आईला थोडी उसंत. जेवताना मोबाइलची सवय लागलीच असेल, तर ती एका दिवसात सुटणार नाही. आधी दिवसातले एक जेवण मोबाइलशिवाय करा. रडारड होईल, ताटात थोडे उरेलही. दुसऱ्या जेवणाची वेळ त्यानंतर.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांसाठी तर या गाण्यांचे मोल आणखी मोठे. शाळेत इंग्रजी, अंगणात कन्नड किंवा हिंदी, अशा मुलाच्या कानावर मराठी पडणार ती घरातच. ‘मराठी बोल’ असा धाक घातला की मूल गप्प बसते, पण खेळातले गाणे ते मागून मागून म्हणते. आजी दूर गावी असेल, तर व्हिडिओ कॉलवर नुसती विचारपूस न करता तिच्याशी टाळ्यांचा खेळ होऊ द्या. तेथे पडदा असला, तरी पलीकडे थांबणारे, उत्तर देणारे माणूस आहे.

ऐकू येते ना?

या खेळांचा एक उपयोग सहसा लक्षात येत नाही. रोज गाणाऱ्या आईला मुलाचे ऐकणे कमी आहे, हे लवकर जाणवू शकते. मोठ्या आवाजाने बाळ दचकत नसेल, सहा महिन्यांनंतरही मागून आलेल्या आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचे झाले तरी हाकेला ओ देत नसेल किंवा ‘बाबा-मामा’ असे बोबडे आवाज काढत नसेल, तर ‘मुले उशिरा बोलतात’ म्हणून थांबू नका. कानाची तपासणी नवजात बाळाचीही होऊ शकते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोषाचीही तपासणी होते. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची वाचा व श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. दोष जितका लवकर कळेल, तितकी बोलणे येण्याची शक्यता अधिक. आणि ज्या मुलाला कमी ऐकू येते, त्यालाही ढोलकीवर हात ठेवून ताल अंगाने अनुभवता येतोच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. ही चांगलीच गोष्ट झाली. पण शाळा तिसऱ्या वर्षी सुरू होते आणि कान त्याच्या कितीतरी आधीपासून उघडे असतात. ती पहिली तीन वर्षे सर्वस्वी घराच्या हातात आहेत. त्यासाठी फी नाही, गणवेश नाही, प्रवेशपरीक्षा नाही. आज रात्री मुलाला झोपवताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि जे आठवेल ते म्हणा. पुढची ओळ आठवली नाही, तर पहिलीच पुन्हा म्हणा. मुलांना तीच हवी असते.